इंजिनचे तेल आणि तो लाल दिवा



आपल्या सिल्वासात कॅस्ट्रॉलसारख्या कंपन्यांच्या कारखान्यांत इंजिन ऑइल तयार होते. ते गाडीत काय काम करते, हे समजून घेऊ या.

मध्यम आकाराच्या पेट्रोल गाडीत बहुधा चार सिलिंडर असतात. प्रत्येकात चार टप्पे चालतात: हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, ठिणगीने पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे. निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये असे इंजिन चालवून दाखवले. चार टप्प्यांत शाफ्टच्या दोन फेऱ्या होतात. म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या असतील, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा पेट्रोल पेटते. मुलांनी हे गणित वहीत करून पाहावे.

इतक्या वेगात धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये तेलाचा पातळ थर लागतो. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा दाब घटल्यावर पेटतो, म्हणजे तोवर उशीर झालेला असतो. ‘घर जवळच आहे’ असे म्हणू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. नाहीतर थोड्या तेलापायी सारे इंजिन खोलावे लागते.

म्हणून महिन्यातून एकदा तरी गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा बुडवून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. जास्त भरणेही वाईट. तेल कधी बदलायचे ते गाडीच्या पुस्तिकेत असते. तिथे दिलेले किलोमीटर किंवा महिने, जे आधी पूर्ण होईल ते धरावे.

पालकांनी ही तपासणी मुला-मुलींना सोबत घेऊन करावी, ही विनंती.

– मुख्याध्यापक