थिबा पॅलेसमधल्या पोरींचं काय झालं?

कोकण सहल ठरली की आपल्याकडच्या कॉलेजांचा रूट जवळपास फिक्स असतो. गणपतीपुळे, पावस आणि मग रत्नागिरीत थिबा पॅलेस. जांभ्या दगडाचा लालसर राजवाडा, रंगीत काचांच्या खिडक्या आणि जवळच्या थिबा पॉइंटवरून दिसणारी भाट्याची खाडी. फोटो भारी येतात. अर्ध्या तासात सर शिट्टी मारतात, बस सुटते. लक्षात राहतं ते एवढंच, की इथे ब्रह्मदेशचा राजा कैदेत होता.

पण राजा एकटा नव्हता. अख्खं कुटुंब होतं, आणि ते इथे तब्बल ३३ वर्षं राहिलं.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी जेमतेम दोन आठवड्यांच्या लढाईत मंडाले घेतलं. थिबा तेव्हा २६ वर्षांचा होता, म्हणजे आपल्यातल्या एखाद्या पीएचडीवाल्या दादाएवढा. तो काही संत नव्हता. त्याला गादी मिळाली तेव्हा राजघराण्यातल्या कितीतरी जणांची कत्तल झाली होती. त्याला, सुपायालत राणीला, तिच्या धाकट्या बहिणीला (तीही राणीच) आणि मुलींना बोटीत बसवून आधी मद्रासला आणलं, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला. तिसरी मुलगी मद्रासमध्ये झाली, चौथी रत्नागिरीत.

रत्नागिरीच का? कारण तिथून पळून जाणं अवघड. रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात बंदर बंद. (कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं, यावरून अंदाज करा.) इंग्रजांची ही जुनी ट्रिक होती. आपल्या खुलताबादेत ज्याची कबर आहे त्या औरंगजेबाच्या वंशातला शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर, त्याला त्यांनी दिल्लीतून उचलून रंगूनला नेऊन ठेवलं होतं. तो तिथेच १८६२ मध्ये गेला. इथला राजा तिकडे, तिकडचा इकडे. आणि गंमत बघा, १ जानेवारी १८८६ ला इंग्रजांनी ब्रह्मदेश हिंदुस्थानला जोडून टाकला. त्यामुळे कागदोपत्री हे कुटुंब परदेशात नव्हतंच!

आपण ज्याच्यासमोर सेल्फी काढतो तो राजवाडा तर १९१० मध्ये तयार झाला. त्याआधीची २४ वर्षं सगळे बंगल्यांमध्ये राहत होते. सरकारी पेन्शन, दारावर पहारा, बाहेर जायचं तर परवानगी.

मला या गोष्टीत राजापेक्षा त्या चार मुली जास्त दिसतात. मोठ्या दोघी मंडालेत जन्मलेल्या, पण तिथलं आठवावं असं वय नव्हतं. चौघी वाढल्या त्या रत्नागिरीच्या पावसात, नोकरांच्या सोबतीत. कॉलेजचं तर नावच नको. लग्नाचं वय झालं तर मुलगा राजघराण्यातलाच हवा, आणि तसा मुलगा रत्नागिरीत कुठून येणार? सरकारी पत्रव्यवहार चालू राहिला, मुलींची वयं वाढत राहिली. विशी गेली, काहींची तिशी आली.

थोरल्या राजकन्येनं वाट बघितली नाही. तिचा जीव जडला गोपाळ सावंत या पहारेकऱ्यावर. तो आधीच लग्न झालेला. त्यांना मुलगी झाली, टुटू. राजघराण्यात काय हलकल्लोळ झाला असेल, कल्पना करा. दुसरीनंही पुढे मनासारखं लग्न केलं, तेही घरच्यांच्या मर्जीविरुद्ध, आणि शेवटी ती कलिंपाँगला स्थायिक झाली. चौथी पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर घराण्याचं जे काही इंग्रजांनी नेलं ते परत करा, म्हणून मागत राहिली.

थिबा डिसेंबर १९१६ मध्ये गेला. राणीला त्याचा देह मंडालेला न्यायचा होता, सरकार नाही म्हणालं. मग दफन न करताच शवपेटी राजवाड्याच्या आवारात राहिली. एक दोन दिवस नाही, दोन वर्षांहून जास्त! १९१९ मध्ये शेवटी सरकारनेच दफन उरकलं आणि कुटुंबाला परत जायची परवानगी दिली. तीही रंगूनपर्यंत. राणीला मंडालेला जाऊ दिलं नाही. ती १९२५ मध्ये रंगूनलाच गेली.

थोरली राजकन्याही टुटूला घेऊन ब्रह्मदेशात गेली होती. पण तिथे तिचं मन रमलं नाही, आणि ती परत आली. कुठे? रत्नागिरीला. ज्या गावात तिला कैदेत ठेवलं होतं, तिथेच. या वेळी कुणी आणलं नव्हतं. राजवाडा नव्हता, पैसा नव्हता, हलाखीतच दिवस गेले. १९४७ मध्ये ती तिथेच वारली.

टुटू रत्नागिरीतच वाढली, तिथेच तिचं लग्न झालं, मुलंबाळं झाली. ब्रह्मी राजाची नात, पण घरात बोलायची भाषा मराठी. २००० मध्ये ती गेली, नव्वदी ओलांडून. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या कबरीपुढे उभे राहिले.

पॅलेसमध्ये आता पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. राजाची कबर तिथे नाही, ती शहरात दुसरीकडे आहे. शेजारी धाकट्या राणीची. सहलीच्या बस सहसा तिथे थांबत नाहीत, सरांना आधी सांगून ठेवा.