दप्तर आपले, नोंदही आपली हवी

कोणाचे कागद जपले गेले, यावर कोणाचा इतिहास लिहिला जाणार हे ठरते. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यात जपले गेले आणि त्यातील निवडक कागदांचे गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले चाळीसहून अधिक खंड १९३०च्या दशकात सरकारनेच छापले. बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने काढला तो १९७९ साली, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर तेवीस वर्षांनी. मग तालुक्याच्या कार्यकर्त्याच्या ट्रंकेची काय कथा? त्यात सभांची पत्रके, वर्गणीची पावतीपुस्तके, इतिवृत्ते, जलशाच्या वह्या, पोलिसांना दिलेले अर्ज असतात. माणूस जातो आणि ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते.

कागद नुसते राखून भागत नाही. ज्याची नोंद नाही, तो कागद शोधणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच. म्हणून मी येथे सूची करण्याच्या साध्या साधनांविषयी लिहितो आहे.

आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेने वर्णनाचे एक प्रमाण ठरविले आहे. त्याची दुसरी आवृत्ती २००० साली निघाली. त्यात एकूण २६ घटक आहेत. पण त्यांतले अत्यावश्यक सहाच : संदर्भ क्रमांक, शीर्षक, तारीख, कागद कोणी निर्माण केले, ते किती आहेत आणि वर्णनाची पातळी कोणती. एवढे सहा रकाने कोणताही शिक्षक वहीत आखू शकेल.

यांपैकी पातळी ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. संपूर्ण ट्रंक म्हणजे एक संग्रह. त्यात पत्रव्यवहार, हिशेब, पत्रके अशा मालिका, मालिकेत फायली, फायलीत सुटे कागद. आपले उत्साही विद्यार्थी सुट्या कागदापासून सुरुवात करतात आणि दोनशेव्या नोंदीला थकतात. माझे सांगणे उलट आहे. आधी साऱ्या ट्रंकेची एक नोंद करा, मग मालिकांच्या चार-पाच. तेवढ्याने संग्रह जगाला सापडू लागतो. सुट्या कागदांचे काम पुढे वर्षानुवर्षे चालू द्या.

दुसरा नियम असा की दोन कार्यकर्त्यांचे कागद एकत्र मिसळू नयेत आणि मूळ क्रम विषयवारीसाठी मोडू नये. पत्रकाशेजारी पावतीपुस्तक असेल, तर ते पत्रक कोणाच्या चार-चार आण्यांवर छापले गेले हे कळते. वेगळे केले की तो पुरावा गेला.

आता साधने. सुरुवातीला संगणकातील साधा तक्ता पुरे. लिब्रेऑफिसचा तर विनामूल्य मिळतो. मजकूर मात्र युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या छपाईच्या फाँटमध्ये टंकलेली मराठी दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसते आणि शोधताही येत नाही. संग्रह वाढला की 'ॲटम' ही प्रणाली आहे. परिषदेच्याच पुढाकाराने ती तयार झाली. ती मोफत आहे, पातळ्यांची रचना तिच्यात मुळातच आहे आणि आपला तक्ता सीएसव्ही स्वरूपात ती आत घेते. पण तिला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा जाणकारही लागतो. अमेरिकेच्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून २००८ साली आलेले 'ओमेका' छायाचित्रे व पत्रके लोकांना दाखविण्यास सोयीचे. तेथे 'डब्लिन कोअर'चे पंधरा रकाने मिळतात. साधन कोणतेही निवडा, एकच प्रश्न विचारा : माझ्या नोंदी उद्या मला साध्या फायलीत बाहेर काढता येतील का? येणार नसतील, तर ते साधन फुकट मिळाले तरी घेऊ नये.

साधनापेक्षा मोठा प्रश्न शब्दांचा आहे. सरकारी फायलीवर 'शांतताभंग' लिहिलेले असते. आपल्यासाठी तो पाणवठ्याचा सत्याग्रह असतो. सूची करणारा तटस्थपणाच्या नावाखाली पहिलाच शब्द उतरवून घेतो, आणि सत्याग्रह शोधणाऱ्या विद्यार्थ्याला काहीच सापडत नाही. माझ्या मते मूळ शीर्षक जसेच्या तसे ठेवावे. त्यात 'अस्पृश्य' वा 'हरिजन' असेल तर तेही ठेवावे. पुरावा सुधारून लिहायचा नसतो. परंतु विषयाचा स्वतंत्र रकाना करून तेथे आपले शब्द लिहावेत. म्हणजे व्यवस्थेने काय म्हटले आणि आपण काय म्हणतो, दोन्ही नोंदले जाईल.

आणखी एक रकाना विसरू नये : खुले की बंद. अत्याचाराच्या तक्रारीत पीडितेचे नाव असते, साक्षीदारांचे असते. ती माणसे त्याच गावात राहतात. अशी नोंद जगापुढे टाकणे म्हणजे त्यांना पुन्हा धोक्यात लोटणे. 'ॲटम'मध्ये नोंद अप्रकाशित ठेवता येते. साध्या तक्त्यात तो भाग वेगळ्या फायलीत ठेवावा.

हे काम विद्यापीठांनी करावे, अशी वाट आपण बरीच पाहिली. त्यांनी करावेच. पण १९७८च्या मोर्चाच्या छायाचित्रात डावीकडून तिसरी बाई कोण, हे विद्यापीठाला ठाऊक नसते. ते वस्तीतल्या आजीला ठाऊक असते. तिला आज विचारावे, उत्तर रकान्यात लिहावे, सांगणारीचे नावही तिच्या संमतीने लिहावे आणि त्या फायलीची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी.