पुन्हा मांडू या भातुकली!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, अगदी खरं उत्तर द्या. तुमची भातुकली आता कुठे आहे? माळ्यावरच्या ट्रंकेत, माहेरी आईच्या कपाटात, की कधीच कुणाला तरी देऊन टाकली?

आमच्या महिला मंडळात हा प्रश्न विचारला की आधी हशा पिकतो. ‘अहो ताई, आता नातवंडं खेळायच्या वयाची झाली, आमची भातुकली कसली विचारता!’ पण पाचच मिनिटांत सगळ्यांचे चेहरे बदलतात. एकीला तिचा पितळी बंब आठवतो, दुसरीला बोटभर लाटणं. तिसरी सांगते, ‘माझ्या जात्यातून खरंच पीठ पडायचं हं!’ मग ज्यांना एरवी सभेत बोलायला सांगितलं तर पदर तोंडाला लावतात, त्यासुद्धा भडाभडा बोलू लागतात. चहा गार होतो, पण विषय संपत नाही.

आमचं नवापूर तसं सीमेवरचं गाव. आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, हे तुम्ही ऐकलं असेलच. स्टेशन बांधलं तेव्हा मुंबई राज्य एकच होतं. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि सीमारेषा थेट फलाटावरून गेली. तिथल्या घोषणाही हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. आमच्या गल्लीतल्या मुलींचा खेळही असाच सरमिसळ. मराठी घरात ‘भातुकली’, शेजारच्या गुजराती घरात ‘घरघत्ता’, हिंदी बोलणाऱ्यांकडे ‘घर-घर’. नावं वेगळी असली तरी तीन दगडांची चूल सगळीकडे सारखीच!

भातुकलीशी आपली पहिली ओळख कशी होते बरं? बहुतेकींना ती आईकडून किंवा आजीकडून मिळते. आजी पंढरपूरला गेली की येताना बुक्का, चुरमुरे आणि छोट्या भांड्यांचा संच घेऊन यायची. आपल्या जिल्ह्यात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठची ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. पुरुष मंडळी घोडे बघायला जायची आणि आम्हा पोरींचे पाय खेळण्यांच्या दुकानांपाशी खिळायचे. कोकणात सावंतवाडीची लाकडी, रंगीत भातुकली प्रसिद्ध आहे. तामिळनाडूतही लाकडी छोट्या भांड्यांचा असाच खेळ असतो, त्याला ‘चोप्पु’ म्हणतात. आणि ज्यांच्या घरी विकत घ्यायची ऐपत नव्हती त्यांचं काय अडलं? नारळाची करवंटी ही कढई, पळसाचं पान हे ताट, चिखल कालवला की वरण, बारीक खडे म्हणजे भात. आमच्या भागातल्या पाड्यांवर आजही मुली मातीची इवली मडकी स्वतः वळतात आणि उन्हात वाळवतात. खरं सांगू, त्या मडक्यांपुढे दुकानातला गुलाबी प्लॅस्टिकचा संच फिका वाटतो.

भांड्यांची नावं तर आठवून बघा. घंगाळ, तपेली, कळशी, परात, पोळपाट, झारा, उलथनं, सांडशी, चिमटा, रवी, सोऱ्या, खलबत्ता, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, सूप, शिंकाळं... यातली निम्मी भांडी आज आपल्याच स्वयंपाकघरात नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं पितळी शेगडी हातात घेऊन विचारलं, ‘मावशी, हिचा गॅस कुठून येतो?’ आम्ही हसलो खरं, पण त्या प्रश्नाचं उत्तर देता देता कोळसा, फुंकणी, राख, राखेनं घासलेली भांडी असा तासभराचा पाठ झाला. कुठल्या पुस्तकातून तिला हे कळलं असतं?

म्हणूनच काही माणसांनी ही भांडी जपून ठेवली, त्यांचे उपकार मानायला हवेत. पुण्याच्या विलास करंदीकर यांनी तांब्या-पितळेची, लाकडाची, दगडाची अशी भातुकली वर्षानुवर्षं जमवली. त्यांच्याकडच्या वस्तूंची संख्या हजारांच्या घरात आहे आणि त्यांनी गावोगावी तिची प्रदर्शनं भरवली. पुण्याचंच राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं. घरातल्या दिव्यांपासून अडकित्त्यांपर्यंत रोजच्या वापरातल्या वस्तूही जपण्याजोग्या असतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुण्याला मुलाबाळांकडे गेलात तर मॉलमध्ये फिरण्याआधी तिथे एक चक्कर जरूर मारा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं लहान मुलींचं. मोठ्या बाईला काय करायचंय त्याच्याशी? अहो, मोठ्या बायकाच तर या खेळाकडे फिरून फिरून येतात, फक्त नाव बदलून! महालक्ष्म्यांपुढे आरास करताना आपण छोटी भांडी मांडतो, ती काय असते? लेकीच्या रुखवतात चिमुकला संसार सजवतो, ते काय असतं? खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. अशा वेळी माळ्यावरची ट्रंक खाली आली, की चाळिशीच्या बहिणी ‘हा बंब माझा’ म्हणून भांडतात! जपानमध्ये दरवर्षी ३ मार्चला मुलींसाठी बाहुल्यांचा सण असतो. पायऱ्यांवर राजा-राणीच्या बाहुल्या आणि त्यांच्या संसाराच्या चिमुकल्या वस्तू मांडतात. नेदरलँड्समध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या श्रीमंत बाईनं स्वतःसाठी एक बाहुलीघर सजवलं. त्यावर तिनं इतका पैसा घातला की त्यात खरंखुरं घर आलं असतं. ते आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२४ मध्ये तयार झालेल्या बाहुलीघरात तर नळाला खरं पाणी येतं आणि विजेचे दिवे लागतात. त्याचा आराखडा केला एडविन लुट्येन्स यांनी, म्हणजे आपली नवी दिल्ली ज्यांनी आखली त्यांनी!

पुरुषांचंही तसंच. दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतात, मातीचे मावळे, पहारेकरी आणि सिंहासनावर महाराज मांडतात, ती त्यांची भातुकलीच की! एच. जी. वेल्स या मोठ्या इंग्रजी लेखकानं १९१३ मध्ये छोट्या सैनिकांच्या लुटूपुटूच्या लढाईचे नियम सांगणारं आख्खं पुस्तक लिहिलं. १९८३ पासून तिकडे ‘वॉरहॅमर’ नावाचा टेबलावरच्या सैनिकांचा खेळ निघाला. बोटभर सैनिक स्वतः रंगवायचे आणि सैन्य मांडायचं. शाळेत असताना तो खेळलेले लोक नोकरी-संसारात तो सोडून देतात आणि केस पिकायला लागले की पुन्हा ब्रश हातात घेतात. त्यांना कुणी हसत नाही, त्याला छंद म्हणतात. मग आपल्या बाईनं छोटं पातेलं घासायला घेतलं की ‘म्हातारचळ’ का हो म्हणायचं?

आमच्या गावातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. वय अडुसष्ट. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा आईनं खऱ्या भांड्यांबरोबर भातुकलीचा डबाही दिला होता. ‘खेळायचं वय होतं हो, पण खेळणार कधी? दुसऱ्या दिवसापासून बारा माणसांचा स्वयंपाक,’ काकू सांगतात. डबा तसाच राहिला. पुढे घर बदलायची वेळ आली. अडगळ काढताना तो डबा भंगारवाल्याच्या काट्यावर गेला. पावणेदोन किलो भरला. काट्यावरची ती इवली कळशी बघितली आणि काकू ओरडल्या, ‘ठेव खाली! ते विकायचं नाही.’ घरातले चकित. आयुष्यात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता.

काका गेल्यावर घर खायला उठायचं. एका दुपारी काकूंनी तो डबा काढला, चिंच-मीठ लावून एकेक भांडं घासलं आणि ओट्यावर उन्हात मांडलं. शेजारच्या दोन पोरी डोकावल्या. दुसऱ्या दिवशी चार आल्या. आता दर गुरुवारी दुपारी काकूंच्या ओट्यावर पंगत बसते. चुरमुरे, फुटाणे, गूळ, कधी काकडीच्या चकत्या. सुरतेचा मुलगा सुटीला आला तेव्हा तोही मांडी घालून बसला. म्हणाला, ‘आई, आमच्या लहानपणी का नाही काढलंस हे?’ काकू म्हणाल्या, ‘तेव्हा मला तरी वेळ कुठे होता रे!’ रात्री झोप लागत नाही ही त्यांची तक्रार मी हल्ली ऐकलेली नाही.

दुसरा अनुभव मात्र मनाला चटका लावणारा आहे. आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. आई-बाप फडात, आणि आठ-नऊ वर्षांची पोर कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. होळीला ही मंडळी गावी आली की मी पाड्यावर जाते. एकदा पिशवीत भातुकली नेली होती. सगळ्या मुली भांड्यांवर तुटून पडल्या. एक नऊ वर्षांची पोर मात्र बाजूला बसली. म्हटलं, ‘तू नाही का स्वयंपाक करत?’ ती म्हणाली, ‘मी पाहुणी होते. मी बसते, तुम्ही मला वाढा.’

तिला वाढलं. खोटा खोटा भात, खोटं खोटं वरण. ती सावकाश, एकेक घास घेत जेवली. ‘अजून वाढा’ म्हणाली. आम्ही पुन्हा वाढलं. मैत्रिणींनो, त्या पोरीला आजवर कुणी बसवून वाढलं नव्हतं! खऱ्या चुलीचे चटके बसलेल्या हातांना खोटी चूल नको होती, आयतं ताट हवं होतं. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत भातुकली कायम असते.

काही शिकलेल्या मुली मला विचारतात, ‘ताई, भातुकलीनं मुलींना लहानपणापासून चुलीशी बांधलं, ती तुम्ही परत का आणता?’ प्रश्न चुकीचा नाही. पण मला वाटतं, चुलीशी बांधतो तो खेळ नव्हे, खेळाचं वय हिरावून घेणारं लग्न! २००६ च्या कायद्यानं अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करणं गुन्हा आहे, तरीही ती लग्नं लागतात. भातुकलीत मुलगी आज आई होते, उद्या मास्तरीण, परवा दुकानदारीण, आणि कंटाळा आला की डाव मोडून उठून जाते. खऱ्या संसारातून असं उठता येतं का? उपाय खेळ बंद करण्यात नाही. डाव मांडताना मुलांनाही बसवा. परवा काकूंच्या ओट्यावर सात वर्षांच्या मुलानं सगळ्यांना चहा दिला आणि कपबशाही विसळल्या. हाच मुलगा उद्या बायकोला चहा करून देईल, नाही का?

तेव्हा या सुटीत एवढं करा. माळ्यावरचा डबा खाली काढा. वजनावर विकू नका, पितळेचे पैसे मिळतील, पण आईच्या हाताचा स्पर्श कुठल्या दुकानात मिळत नाही. तांब्या-पितळेची भांडी चिंच-मीठ लावून घासा. त्यात खरं आंबट काही खायला द्यायचं असेल तर आधी कल्हई करून घ्या. ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या कडा कापणाऱ्या नाहीत ना, हात फिरवून बघा. अगदी बारीक वस्तू तीन वर्षांखालच्या बाळापासून लांब ठेवा. नवा प्लॅस्टिकचा संच घेतलात तर आयएसआय खूण बघून घ्या, २०२१ पासून कारखान्यात बनणाऱ्या खेळण्यांना ती बंधनकारक आहे. शक्य असेल तर जत्रेतल्या कुंभाराकडून, सुताराकडून घ्या. आणि एका वहीत प्रत्येक भांड्याचं नाव, ते कुणी दिलं, कधी दिलं, लिहून ठेवा. आपल्या लेकीसुनांना ‘सोऱ्या’ हा शब्द तरी कळेल.

आणि हो, ज्यांच्याकडे डबाच उरला नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. तीन दगड आणि एक करवंटी कुठेही मिळते. शेजारची दोन पोरं-पोरी हाक मारून बोलवा. त्यात घरची कामं करून दमलेली एखादी पोर असेल, तर तिला आधी पाटावर बसवा आणि पोटभर वाढा!