डोंबिवली स्थानकावर सुचलेली 'डेम्लो' संख्या

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथून मुंबईकडे जाणाऱ्या प्रत्येक लोकलच्या वाटेत डोंबिवली स्थानक लागते. या स्थानकाचे गणिताच्या इतिहासाशी असलेले नाते मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांना एका वैशिष्ट्यपूर्ण संख्यासमूहाची कल्पना येथेच सुचली आणि स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना 'डेम्लो' म्हटले. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणूत जन्मलेले कापरेकर देवळाली येथे शाळाशिक्षक होते.

या समूहातील सर्वांत देखणी संख्या म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच राहते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानापर्यंत ती पोहोचते.

ही संख्या येते कोठून? ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. त्याच क्रमाने १११११११११ चा वर्ग ही आपली संख्या. शाळेत शिकवल्याप्रमाणे गुणाकार मांडला, तर एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. उभ्या स्तंभांत अनुक्रमे एक, दोन, तीन असे एक येतात, मधल्या स्तंभात नऊ, आणि पुढे ते तसेच कमी होत जातात. कोठेही हातचा येत नाही, म्हणूनच आकृती अभंग राहते.

तिच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले होते. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. या संख्येत फक्त ८ गायब आहे! उलट, मूळ संख्येला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

मग दहा एकांचे काय? उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा पुढे सरकतो आणि सममिती मोडते. नऊ उदाहरणे जुळली म्हणून दहावे जुळेलच असे नाही. म्हणूनच गणितात उदाहरणांवर न थांबता कारण शोधावे लागते. येथील कारण आपल्या दशमान पद्धतीत आहे. सोळा पायाच्या पद्धतीत हीच शिडी पंधरा एकांपर्यंत टिकते.

कापरेकरांच्या अशा संशोधनाकडे अनेक गणितज्ञांनी दीर्घकाळ केवळ करमणूक म्हणून पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. संख्येची नवलाई पाहून थक्क होणे सोपे असते; ती कोठे आणि का संपते हे समजून घेणे म्हणजे गणित. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि थोडा निवांतपणा पुरतो.