जुना नंबर विसर रे, फोनदादा!

बालदोस्तांनो, उचगाव माहीत आहे ना? कोल्हापूर शहराला अगदी खेटून असलेलं, करवीर तालुक्यातलं गाव. पुण्याहून बंगळूरला जाणारा महामार्ग इथूनच जातो. आता सांगा पाहू, या महामार्गाचा नंबर किती? आजोबांना विचारलंत तर बहुतेक चटकन उत्तर येईल, "एनएच फोर!" पण नवा नंबर आहे ४८. सरकारनं २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नव्यानं नंबर दिले, तेव्हा या रस्त्याचा ४ जाऊन ४८ आला. रस्ता तोच, नाव तेच, नंबर मात्र बदलला. पण डोक्यात बसलेला जुना नंबर काही केल्या निघत नाही!

तुमच्या घरातला फोनही कधी कधी असंच करतो. एखादी वेबसाइट शेजारच्या ताईच्या फोनवर झटकन उघडते आणि तुमच्या फोनवर हटून बसते. असं का बरं होत असेल?

इंटरनेटवरच्या संगणकांना आपल्यासारखी नावं कळत नाहीत, त्यांना नंबर लागतात. घरच्या वाय-फायच्या डबीचा नंबर पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो, तसे. असे नंबर आपण किती पाठ करणार? म्हणून आपण नाव टाइप करतो आणि त्याचा नंबर शोधून देण्याचं काम करते डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टीम. पूर्वी सगळ्या नावांची यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एकाच फाइलीत ठेवत. एलिझाबेथ फाइनलर यांची तुकडी ती सांभाळायची. संगणक वाढले, यादी आवरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही नवी पद्धत आखली. त्यामुळे एकच मोठी वही न राहता काम जगभरच्या संगणकांत वाटलं गेलं.

पण दर वेळी नंबर विचारत बसलं तर वेळ जाणार. म्हणून फोन आणि ब्राउझर एकदा मिळालेला नंबर थोडा वेळ लक्षात ठेवतात. या आठवणीला म्हणतात डीएनएस कॅश. ही कॅश म्हणजे आजीच्या बटव्यातली रोकड नव्हे बरं का! दोन्हींचं इंग्रजी स्पेलिंगच वेगळं आहे.

दुधाच्या पिशवीवर मुदत छापलेली असते ना? तशी या प्रत्येक नंबरालाही मुदत असते, तीही सेकंदांत. ३०० सेकंद म्हणजे पाच मिनिटं, ८६,४०० सेकंद म्हणजे अख्खा दिवस. मुदत संपली की फोन पुन्हा विचारतो. पण मधल्याच काळात वेबसाइट दुसऱ्या संगणकावर हलली तर? फोन बिचारा जुन्याच दारावर टकटक करत राहतो! आणखी एक गंमत म्हणजे, "असं नावच नाही" हे उत्तरसुद्धा तो काही वेळ लक्षात ठेवतो.

मग काय करायचं? आधी डोकं चालवायचं! दुसरी एखादी वेबसाइट उघडून बघा. तीही उघडत नसेल तर घरचं इंटरनेटच बंद असेल. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर तीच वेबसाइट बघा. तिथंही उघडली नाही तर दोष तुमच्या फोनचा नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी एकाच वेळी लाखो लोकांची झुंबड उडते, तेव्हा कॅश पुसून काय उपयोग? तिथं थांबायलाच हवं.

फक्त तुमचाच फोन अडला असेल, तर एअरप्लेन मोड चालू करा, दहापर्यंत मोजा आणि बंद करा. तेवढ्यानं भागलं नाही तर फोन बंद करून पुन्हा सुरू करा. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत 'अबाउट', मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि 'नेटवर्किंग' असं सलग लिहा. तिथं डीएनएसच्या पानावर 'क्लिअर डीएनएस कॅश' हे बटण आहे. यानं फोटो, पासवर्ड यांना धक्का लागत नाही.

पण सावधान! 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' ही बटणं निराळी. ती दाबलीत तर त्या अ‍ॅपनं साठवलेली माहिती पुसली जाईल, आणि बाबांचा पासवर्ड त्यांनाच आठवत नसेल तर घरात महाभारत! म्हणून मोठ्यांना विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

आणि हो, कुणी लबाडानं या आठवणीत मुद्दाम खोटा नंबर घुसवला तर? हे किती सोपं आहे, ते २००८ साली डॅन कॅमिन्स्की या संशोधकानं दाखवून दिलं आणि जगभरच्या कंपन्यांची दुरुस्तीसाठी धावपळ उडाली. म्हणून ब्राउझरनं "हे ठिकाण सुरक्षित नाही" असा इशारा दिला तर पुढे जाऊच नका. बँकेच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आता एक प्रयोग. शाळेतल्या विंडोज संगणकावर सरांच्या परवानगीनं 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' लिहून एक जागा सोडा, मग तिरपी रेघ आणि तिला जोडून 'डिस्प्लेडीएनएस' लिहा. संगणकानं लक्षात ठेवलेली नावं पडद्यावर येतील. 'टाइम टू लिव्ह'समोरचा आकडा लिहून ठेवा आणि अर्ध्या मिनिटानं तीच आज्ञा पुन्हा द्या. आकडा कितीनं कमी झाला?