विद्येच्या गावी एक दिवस

पुण्याचे नाव काढले की मुंबईकराला थट्टा सुचते. मी परळचा, पण चार वर्षे फर्ग्युसनच्या वसतिगृहात काढल्यामुळे मला ते गाव आजोळासारखे. यंदा नातीला घेऊन दादरला पहाटे इंद्रायणी पकडली आणि दिवसभरासाठी तिकडे जाऊन आलो.

१८८५ साली निघालेले फर्ग्युसन तिला दाखविले आणि पायीच भांडारकर संस्था गाठली. नात यंदा बारावीला. संगणक घ्यावा की संस्कृत, यावर घरात रोज खडाजंगी! "आजोबा, इथं बसून लोक करतात तरी काय?" तिने विचारले.

म्हटले, "अगं, ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम इथे १९१९ साली सुरू झाले. बर्लिनला शिकून आलेल्या विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ पासून त्याची धुरा वाहिली. १९४३ साली ते गेले. मग बेलवलकर आले, वैद्य आले आणि १९६६ साली अठरा पर्वे पुरी झाली. सत्तेचाळीस वर्षे!"

२००४ च्या जानेवारीत जमावाने याच वास्तूची नासधूस केली, हेही मी लपविले नाही. त्यानंतरही इथला अभ्यास थांबला नाही.

पायरीवर बसून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पुरा झालेला ग्रंथ आपल्याला दिसणार नाही, असं सुखटणकरांना कधी वाटलं असेल का?"

हा प्रश्न जिला पडतो, तिने हवी ती शाखा घ्यावी. माझी काळजी मिटली!