निशाणी पाच आणि तीन वर्षांची अट

न्यायाधीशपदाच्या परीक्षेआधी तीन वर्षे वकिली हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला आणि चर्चा रंगली ती क्लासेसची, वयोमर्यादेची, ‘वाया जाणाऱ्या’ वर्षांची. ही वर्षे शिकवतात काय, हे फारसे कुणी विचारले नाही.

कायद्याची पदवी, बार कौन्सिलची सनद, अखिल भारतीय बार परीक्षा. दिवाणी वकिलाची कागदावरची पार्श्वभूमी एवढ्यात संपते. तो घडतो तालुक्याच्या कोर्टात, सीनियरच्या हाताखाली.

जमिनीचाच दावा घ्या. पक्षकार पिशवीतून सातबारा काढतो आणि चुलत्याने बांध रेटल्याचे सांगतो. ज्युनिअरने जुने फेरफार काढायचे, वारसनोंदी जुळवायच्या, मग मिळकतीचे वर्णन लिहायचे: गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. पूर्वेला कोणाचे शेत हे इथे चुकले, तर हुकूमनाम्यानंतर दरखास्तीत बेलिफ शेतावर पोचतो आणि नेमका कोणता तुकडा ताब्यात द्यायचा, हेच ठरत नाही. वर्षानुवर्षे लढून जिंकलेला दावा बांधावर अडतो.

दाव्यासोबतच येतो तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. आपल्याकडच्या कोर्टांत तो ‘निशाणी पाच’ म्हणूनच ओळखला जातो. प्रथमदर्शनी हक्क, कोणाची गैरसोय जास्त, भरून न येणारे नुकसान, या तिन्ही कसोट्या पाठ करायला अर्धा तास पुरतो. पण शेतावर आज ताबा कोणाचा, याचा धागा पीकपाहणीत असतो आणि ती नोंद कधी, कशी झाली हे कागदपत्रांतून आणि प्रतिज्ञापत्रांतून बाहेर काढावे लागते. ही नजर पुस्तकातून येत नाही. ज्याने कधी निशाणी पाचवर युक्तिवाद केलेला नाही, त्याने थेट तिच्यावर हुकूम करायचा, हे मला कधीच पटलेले नाही. २००२ मध्ये अट काढली गेली होती; ती परत आली हे चांगलेच झाले. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख, अमरावतीचे भूषण गवई, यांनीही १९८५ मध्ये वकिली सुरू केली ती बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे.

प्रश्न उरतो पोटाचा. ज्युनिअरला अनेक कार्यालयांत जाण्यायेण्याचा खर्चही सुटत नाही. घरात वकिली असलेल्यांना तीन वर्षे निभावता येतात. शेतमजुराच्या मुलीने तालुक्याच्या गावी खोली घेऊन ती कशी काढायची? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, असे परिपत्रक काढले. ती नुसती शिफारस आहे. अट सक्तीची झाली, तर विद्यावेतनही सक्तीचे करा. ज्या सीनियरना ते झेपत नाही, त्यांच्या ज्युनिअरसाठी राज्य सरकारने निधी द्यावा.